गंगारामदादांचा चौथा दांडा

गंगाराम शिगवण निष्काळजी होते, असं एका चौकशीच्या कागदावर लिहिलेलं आहे. खाली सही आहे, शिक्का आहे. त्या कागदाला आता वाळवी लागली असेल तर लागू दे, माझ्या डोक्यातून तो जात नाही. निष्काळजी म्हणे. कुणाला म्हणता? जो माणूस चहाचा कप उचलायच्या आधी त्याचा कान पक्का आहे का ते बोटानं हलवून बघायचा, त्याला? मी नर्स आहे. निष्काळजी माणसं मी जन्मभर पाहिली. त्यात डॉक्टर पाहिले, साहेब पाहिले, आरशात एक बाईही पाहिली. गंगारामदादा त्यांतले नव्हते.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मी अलिबागची, नवी नर्स, नोकरी अजून टेम्पररी. मला एका फिरत्या पथकात टाकलं आणि तळा गावात राहायला एक खोली दिली. पथक हे नाव मोठं, माणसं तीन. एक साहेब, एक मी, एक ड्रायव्हर. आणि एक जीप. लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेली, अमेरिकन, म्हणून स्टिअरिंग डाव्या हाताला. तळ्याहून निघायचं, म्हसळ्यावरून खाली दिवेआगर, हरिहरेश्वरपर्यंत वाड्यावस्त्यांवर जायचं, पोरांना देवी टोचायच्या, तापाची औषधं द्यायची, कुठं बाई अडली असेल तर तिला घेऊन यायचं. थोडी सडक, आणि सडक संपली की बैलगाडीची चाकोरी.

गंगारामदादा तळ्याच्या बाजूच्याच एका खेड्यातले, भातशेती करणाऱ्या घरातले. लढाईत ब्रह्मदेशात गाड्या चालवून आलेले. बुटके, काळे, डावी भुवई अर्धी जळालेली. ती कशी जळाली हे मी तीन वेळा विचारलं आणि तीनही वेळा त्यांनी "जळाली" एवढंच सांगितलं. बारा महिने खाकी अर्धी चड्डी. सीटखाली तीन फडकी घडी घालून ठेवलेली: एक काचेचं, एक हाताचं, एक स्वतःच्या नाकाचं. एकदा साहेबांनी काचेच्या फडक्यानं बूट पुसले. गंगारामदादांनी ते फडकं तिथंच काडी लावून जाळलं आणि घरून धोतराचा तुकडा फाडून आणला. सकाळी गाडी सुरू झाली की पहिला मैलभर ते कुणाशीच बोलत नसत. मी काही विचारलं तर हात वर करून थांबवायचे. गाडी आज काय सांगते ते ऐकायचं असायचं त्यांना.

माझी आणि त्यांची पहिली भेट भांडणाचीच. मी माझी पिशवी गाडीत एका लाकडी ठोकळ्यावर ठेवली. ऐनाच्या लाकडाचा, घासून घासून गुळगुळीत झालेला ठोकळा, त्याला दोरी बांधलेली.

"बाई, पिशवी उचला. ठोकळ्यावर काय ठिवायचं न्हाय."

"का? देव आहे का तो?"

"माजा तिसरा बिरेक हाय."

मला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. पण ते चेष्टा करत नसत. त्यांनी मला जमिनीवर वाकायला लावलं, भर रस्त्यात, नव्या कोऱ्या पांढऱ्या साडीत, आणि गाडीच्या पोटाखाली बोट दाखवलं. जीपचा हँडब्रेक चाकांना नसतो. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारी एक लांब लोखंडी दांडी असते, तिला ते शाफ्ट म्हणत. हँडब्रेक त्या शाफ्टच्या तोंडाशी असतो. शाफ्ट अडला की चाकं अडतात. "मंजे शाफ्ट हाय तवर हँडब्रेक हाय," ते म्हणाले. "शाफ्ट गेला तर तुमी हँडब्रेक वडा न्हायतर माजा कान वडा, येकच." म्हणून ठोकळा. गाडी थांबली की आधी ठोकळा चाकाखाली, मग बाकी सगळं. मी दोन वर्षं बघितलं, त्यांनी एकदाही तो नेम चुकवला नाही. एकदा सोडून. त्या एकदाचंच मला सांगायचंय.

रागीट होते. उगाच गोड रंगवणार नाही मी त्यांना. एका खोताच्या माणसांनी सुपारीची दोन पोती परस्पर आमच्या गाडीत चढवली, म्हसळ्याच्या बाजारात उतरवा म्हणून. साहेब त्याच खोताच्या पडवीत पोहे खात बसले होते, त्यांना चालणार होतं. गंगारामदादांनी दोन्ही पोती उचलून वाटेत ठेवली. खोत ओरडत बाहेर आला. "ही लशीची गाडी हाय," गंगारामदादा म्हणाले, "तुमच्या सुपारीला देवी टोचायच्या असल्या तर सांगा, बाई टोचतील." गेल्या पन्नास वर्षांत त्या खोताला असं कुणी बोललं नसेल. साहेबांनी सगळ्या वाटेवर त्यांना फैलावर घेतलं. ते मुकाट गाडी चालवत होते. मी मागं तोंडात पदर धरून बसले होते.

आणखी एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एकदा औषधाचा थर्मास फुटला. मी म्हणाले, तुम्ही गाडी खड्ड्यात घातलीत. ते म्हणाले, तुमी पट्टा बांधला न्हवता. दोन दिवस आमचा अबोला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"खड्डा मला दिसला व्हता. तरी मी येग कमी केला न्हाय. हे माजं."

"बरं," मी म्हणाले.

ते हलेनात. "मंग?"

"मंग काय?"

"आता तुमचं सांगा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या गावकीत तशी रीत होती. भांडण गावकीपुढं गेलं की जो तो उभा राहून आपली चूक सांगणार. दुसऱ्याची कुणी सांगायची नाही, ते हलकं समजतात. मोठा असो, लहान असो, एकानं आपलं सांगितलं की दुसऱ्याला आपलं सांगावंच लागतं, नाहीतर गावात तोंड दाखवायला जागा नाही. मला हसू आलं. मी पट्टा बांधला नव्हता हे मी कबूल केलं. "झालं," ते म्हणाले, आणि लगेच अबोला संपला. किती चांगली रीत, असं मला तेव्हा वाटलं.

आता दांड्याचं. जीपमध्ये ड्रायव्हरच्या उजव्या हाताला तीन दांडे असतात. एक गियरचा. एक पुढच्या चाकांना ताकद द्यायचा किंवा तोडायचा. आणि तिसरा गाडी अगदी सावकाश पण जोरात ओढण्याचा. मागच्या चाकांना दांडा नाही, ती कायमची जोडलेली. सडकेवर पुढची चाकं सोडलेली ठेवायची, मागच्यांवर चालवायची. चिखल, वाळू, चढ आला की पुढची धरायची. सडकेवर चारी धरून ठेवली तर गाडी आखडते, असं ते म्हणायचे.

हरिहरेश्वराहून परत येताना एकदा मागच्या शाफ्टचा सांधा तुटला. मोठा आवाज झाला आणि गाडी उभी. साहेब म्हणाले, आता तार करायची, दोन दिवस इथंच मुक्काम. गंगारामदादा पोटाखाली गेले, अर्ध्या तासानं तो शाफ्टच खोलून बाहेर घेऊन आले आणि मागं माझ्या पायाशी ठेवला. मग पुढची चाकं धरली आणि नुसत्या पुढच्या दोन चाकांवर आम्हाला म्हसळ्यापर्यंत आणलं. मागची चाकं नुसती फरफटत येत होती. साहेब खूश. पण गंगारामदादांच्या डोक्यात दुसरंच घुसलं होतं. वाटेतल्या एका अवघड वळणावर गाडी आज पहिल्यांदा एका दमात वळली होती. एरवी मागची चाकं ढकलत राहायची आणि ओल्या मातीत गाडीचं तोंड सरळ कडेकडं घसरायचं. आज ढकलणारं कुणी नव्हतं, पुढची चाकं ओढत होती, आणि तोंड बरोबर वळलं. "बैल मागनं ढकलून वळतो काय?" ते मला म्हणाले. "येसन धरली तर वळतो."

झालं. पुढचे दोन महिने रविवार आला की ते गावच्या लोहाराच्या भट्टीवर. भंगारातल्या ट्रकची दातेरी चाकं आणली, दात्यांत दाते अडकणारी एक लोखंडी बांगडी बनवली, ती शाफ्टच्या तोंडाशी बसवली, आणि वर एक चौथा दांडा काढला. दांडा मागं ओढला की मागची चाकं सुटतात, पुढं लोटला की धरतात. गाडीखाली झोपायला नको, पाना नको. लोहार सांगायचा, बांगडी अकरा वेळा तोडून परत घडवायला लावली. दांडा बसला त्या दिवशी त्यांनी मला परत एकदा रस्त्यावर वाकायला लावलं.

"हे बगा. हँडब्रेक बांगडीच्या अलीकडं. मागचं सोडलं की हँडब्रेक मागच्या चाकांना धरत न्हाय. मंग त्यो कुनाला धरतो?"

"पुढच्या."

"आन पुडचंबी सोडलं तर?"

"कुणालाच नाही."

"मंजे मागचं सोडलंय तवर पुडचं सोडायचं न्हाय. येकदम दोनी सोडली तर गाडी वाऱ्यावर. गियरात ठिवा, हँडब्रेक वडा, काय उपेग न्हाय." हे त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलं. साहेबांनाही सांगितलं. साहेब तेव्हा पेपर वाचत होते.

त्या दांड्यामुळं आम्ही कातळवाडीला जाऊ लागलो. खाडीच्या वर, कातळाच्या टोकावर पंचवीस-तीस घरं. वाटेत एक वळण असं की तिथं जीप कधी वळलीच नव्हती. गंगारामदादा वळणाच्या तोंडाशी मागचं सोडायचे, पुढची चाकं गाडी ओढायची, वळण संपलं की मागचं धरायचे. त्या वाडीतल्या पोरांना पहिली लस टोचली ती त्या दांड्याच्या जिवावर. आणि साहेब? साहेब येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "आमच्या जीपला मी एक खास दांडा बसवून घेतलाय." मी बसवून घेतलाय. मी हे माझ्या कानांनी किमान चार वेळा ऐकलं. गंगारामदादा शेजारी उभे असायचे. एकदा मी त्यांना म्हणाले, "बोलत का नाही तुम्ही?" तर म्हणाले, "गाडी साहेबाची, दांडाबी साहेबाचाच की." त्यांना खरंच त्याचं काही वाटत नव्हतं. माझाच जळफळाट व्हायचा.

मग तो दिवस आला. साहेबांचे मेहुणे मुंबईहून आले होते, कोकण बघायला. त्यांना घेऊनच कातळवाडीचा दौरा. साहेब पुढं, मेहुणे मागं माझ्या शेजारी. वळण आलं, गंगारामदादांनी मागचं सोडलं, गाडी सुरेख वळली. वळणाच्या वरच्या चढावरच वाडीतली माणसं हार घेऊन उभी होती. एरवी आम्ही वर सपाटीवर शाळेपाशी थांबत असू.

"इथंच थांबव," साहेब म्हणाले.

"साहेब, वर सपाटीला घेतो."

"लोक उभे आहेत, दिसत नाही का? थांबव."

थांबवली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. पुढचं धरलेलं होतं, म्हणून गाडी चढावर उभी राहिली. गंगारामदादा ठोकळ्याला हात घालणार तोच साहेब म्हणाले, "गंगाराम, लशीची पेटी उन्हात आहे. आधी ती शाळेत नेऊन ठेव."

"ठोकळा लावतो, मागचं धरतो, मंग जातो."

"हँडब्रेक आहे ना? मला गाडी शिकवू नकोस. पेटी उचल."

सगळ्या वाडीसमोर. पलटणीत घडलेला माणूस, हुकूम म्हणजे हुकूम. त्यांनी पेटी डोक्यावर घेतली. जाताना मला मात्र म्हणाले, "बाई, दांड्यांना कुनी हात लावू नका. मागचं सुटलेलं हाय." मी खाली उतरून गाडीच्या बाजूला उभी होते. गाडी सगळीकडून उघडी, मला सगळं दिसत होतं. साहेब मागं वळून मेहुण्यांना समजावत होते, हा कशाचा, तो कशाचा. आणि त्यांनी पुढच्या चाकांच्या दांड्यावर हात ठेवला.

"साहेब, नको," मी म्हणाले. "मागचं सुटलेलं आहे."

"तुम्ही तुमच्या सुया बघा."

दांडा घट्ट बसला होता. त्यांनी दोन्ही हातांनी हिसका दिला.

गाडी मागं सरकली. आवाज नाही, काही नाही, नुसती निघाली. साहेबांनी उडी मारली, मेहुण्यांनी मारली. मागं पारूआजी होती, नातीला टोचायला घेऊन आलेली. तिनं नातीला ढकललं आणि स्वतः राहिली. चाक तिच्या पायावरून गेलं, मग गाडी जांभ्या दगडाच्या बांधावर आदळून थांबली. हाड बाहेर आलं होतं. मी साडीचा पदर फाडला, छत्रीच्या काड्या लावून पाय बांधला, आणि मान वर केली तर गंगारामदादा रिकाम्या हातानं धावत येत होते. त्यांनी पहिलं गाडीत पाहिलं. दांडे पाहिले. पुढचा दांडा सुटलेला होता. त्यांनी साहेबांकडं एकदा पाहिलं, आणि खाली बसून पारूआजीचं डोकं मांडीवर घेतलं.

पंधरा दिवसांनी चौकशी लागली. वरचे अधिकारी आले, एक टेबल, तीन खुर्च्या. एका खुर्चीवर आमचे साहेबच, शेजारी, पानसुपारीला बोलावल्यासारखे. पहिल्यांदा गंगारामदादांना विचारलं.

ते हात मागं बांधून उभे राहिले. "मी गाडी उतारावर सोडून गेलो. ठोकळा लावला न्हाय. मागचं धरलं न्हाय. हे माजं."

एवढं बोलून ते थांबले, आणि साहेबांकडं बघत उभे राहिले.

मला कळलं ते कशाची वाट बघतायत. त्या खोलीत ते फक्त मला कळलं. आपलं सांगून झालं होतं, आता साहेब आपलं सांगणार. तसंच असतं. मोठा असो, लहान असो. ते बघत राहिले, आणि साहेब पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं: कबूल आहे. त्या गावकीच्या बाहेर ती रीत कुठंच चालत नाही, हे चाळिशीतल्या, अर्धं जग बघून आलेल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग साहेबांनी तोंड उघडलं. "तो दांडा यानं माझ्या परवानगीशिवाय बसवला."

गंगारामदादांचा चेहरा मी विसरू शकत नाही. राग नव्हता त्यावर. काहीतरी उलगडत नाही, असा चेहरा होता.

मग माझी पाळी.

"ड्रायव्हरनं ठोकळा लावला होता का?"

"नाही, पण..."

"चौथा दांडा त्यानंच बनवला?"

"हो."

"बस. जा तुम्ही."

आणि मी गेले. "पण" म्हणाले होते ना मी, मग पुढचं बोलायला कुणी तोंड दाबलं होतं? कुणी नाही. माझी नोकरी कायम व्हायची ऑर्डर त्याच साहेबांच्या सहीसाठी पडून होती. तेवढंच. घरी आई, दोन भावंडं, हे सगळं खरं आहे आणि त्याला काही अर्थ नाही. साहेबांनी तो दांडा ओढला, मी नको म्हणाले होते, त्यांनीच ठोकळा लावू दिला नाही, ही तीन वाक्यं होती. तीन वाक्यं बोलायला किती वेळ लागतो? मी दाराबाहेर आले तेव्हा गंगारामदादा पायरीवर बसले होते. मी त्यांच्या बाजूनं निघून गेले.

त्यांची नोकरी गेली. लायसनवर शेरा पडला, त्यामुळं दुसरीकडंही कुणी गाडी हातात देईना. माझी ऑर्डर पुढच्याच महिन्यात आली. साहेब दोन वर्षांत वरच्या जागेवर गेले. नव्या ड्रायव्हरला पहिलं काम दिलं ते चौथा दांडा काढून टाकायचं. तो काढला, आणि जीप कातळवाडीच्या वळणावर वळेना. मग कातळवाडीचा दौरा बंद झाला. वाडीतल्या बायका पोरं काखेत घेऊन चढ उतरून खाली यायच्या, पारूआजी कुबडी घेऊन. एकाही कागदावर हे कुणी लिहिलं नाही.

मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. ते अंगणात जुनी कौलं निवडत बसले होते, फुटकी एकीकडं, धड एकीकडं. "पारूआजीचा पाय कसा हाय?" एवढं विचारलं. मी सांगितलं. मग त्यांच्या बायकोकडून कळलं की शाळेच्या मास्तरांकडून त्यांनी एक अर्ज लिहून घेतला होता. नोकरी नको, पगार नको, फक्त तो निष्काळजी शब्द काढा. बाकी लिहिलंय ते राहू द्या, गाडी सोडून गेलो ते खरंच आहे, पण तो शब्द काढा. उत्तर आलं की विचार करता येत नाही. पुन्हा लिहिला, पुन्हा तेच. त्यानंतर ते बायकोला घेऊन दिवेआगरला गेले, कुणाच्या तरी वाडीत नारळी-पोफळींना पाणी शिंपायच्या कामाला.

आठ-नऊ वर्षं गेली. माझी बदली झाली, परत झाली. एकदा मी श्रीवर्धनला निघाले होते, प्रवाशांच्या मोटारीनं. मोटार भरलेली. म्हसळ्याला एक माणूस चढला, हातात छत्री, खांद्यावर पडशी, आणि माझ्या पुढं दोन बाकं सोडून बसला. अर्धी भुवई बघितली तेव्हा ओळखलं. केस पांढरे झाले होते. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होते?

चढ लागला. मोटारीच्या पोटातून टक् टक् असा बारीक आवाज येऊ लागला. कुणाचं लक्ष नव्हतं, माझंही नसतं, पण मी त्यांच्या मानेकडं बघत होते. मान ताठ झाली. जरा एका बाजूला कलली. त्यांना कळलं होतं. आवाज वाढत गेला, आणि घाटाच्या मधेच मोठा धक्का बसला, मोटार उभी राहिली. ड्रायव्हर पोरगेलासा होता. खाली उतरून बघून आला, तोंड उतरलेलं.

"काय कळत न्हाय," तो म्हणाला. "शाफ्टचं कायतरी दिसतंय. कोन जानकार हाय का गाडीत?"

सगळे एकमेकांकडं बघू लागले. गंगारामदादा मांडीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. मी उठले, दोन बाकं ओलांडून त्यांच्याजवळ गेले.

"दादा, बघा ना जरा."

त्यांनी मान वळवली. ओळखलं. "कशा हाव, बाई?"

"बरी आहे. तुम्ही बघा ना गाडी. तुम्हाला कळलंय काय झालंय ते."

"मी न्हाय बगायचा," ते शांतपणे म्हणाले. "उद्या ह्या पोराच्या गाडीला कुटं काय झालं तर इचारतील, हात कुनी लावला व्हता? मंग माजं नाव निगंल. माजं नाव कसलं हाय ते कागदावर हाय."

तेव्हा माझा तोल गेला. मी त्या भरल्या मोटारीत, मासळीच्या पाट्या आणि पोरंबाळं आणि अनोळखी माणसांसमोर, मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. की हा माणूस निष्काळजी नाही. की त्या दिवशी दांडा साहेबांनी ओढला, मी स्वतः बघितलं. की मी नको म्हणाले होते. की ठोकळा लावू दिला नाही तो साहेबांनी. सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता, चौकशीत सांगायचं होतं तसंच. माझा आवाज चिरकत होता. माणसं माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तशी बघत होती. मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं त्या बाईला?"

गंगारामदादांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग छत्री उचलली, पडशी खांद्यावर टाकली आणि उभे राहिले.

"हे तवा बोलायचं व्हतं, बाई," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते दारातून उतरले आणि घाटाची सडक चढायला लागले, पायी. अजून बराच रस्ता होता, ऊन होतं. मला वाटलं उतरावं, त्यांच्याबरोबर चालावं, काही बोललं नाही तरी चालावं. मोटारीत लोक दुसऱ्या गाडीची वाट बघत होते. वळणावर त्यांची छत्री दिसेनाशी झाली तेव्हा मी माझ्या जागेवर जाऊन बसले होते.